बदलीवाल्याच्या बसमध्ये

बँडमधली माझी जागा मी गणपतीच्या हंगामापुरती एका माणसाला दिली आणि जागेबरोबर माझी बेस गिटारही दिली. दोन्ही परत आली नाहीत.

यात मला कोणी फसवलं, दारू पाजली, कोऱ्या कागदावर सही घेतली, असं काही नाही. मी स्वतः पेणला पॅसेंजर पकडून रोह्याला गेलो, गिटार खांद्यावरून उतरवली आणि "सांभाळ हां, गौरी-गणपती झाले की येतो," असं म्हणून त्याच्या हातात ठेवली. वर स्टेशनसमोर त्याला वडापावही खिलवला. चोराला घराची किल्ली देण्याआधी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालणारा माणूस म्हणजे मी.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. आमचं घर हमरापूरला आणि धंदा गावाचाच, गणपतीचा. कारखाना मामाचा. साचा कोणाचा, घासकाम कोणाचं, रंग कोणाचा, पण आखणी माझी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. आखणीवाला कारखान्यात सगळ्यांत शेवटी बसतो आणि सगळ्यांत जास्त शिव्या खातो, कारण त्याच्या एका रेघेने बाकीच्यांची चार महिन्यांची मेहनत चकणी होऊ शकते. ज्येष्ठ लागला की मामा मला बाहेर सोडत नसे. न्हाव्याकडे निघालो तरी विचारायचा, "दाढी की केस? दाढी असेल तर हितंच कर."

गिटारीवर तर त्याचा उघड राग. "त्या जाड तारांनी बोटं बधिर होतात तुझी. पापणीची रेघ केसाएवढी असते. बाप्पा चकणा झाला तर गिऱ्हाईक काय तुझ्या गिटारीला मोदक देणाराय?"

बँडमधले बाकीचे चौघे रोह्याचे, धाटावच्या कंपनीतले. तालीम कॉलनीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये, तीही शिफ्ट बघून. ड्रमवाला सेकंड शिफ्टला असला की आम्ही ड्रमशिवाय वाजवायचो, आणि खरं सांगायचं तर फार फरक पडत नसे. या चौघांनीच मला तोडगा सुचवला. कंपनीत कायम माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी बदली कामगार येतो, माणूस परतला की बदली जातो. तसंच करू. कॉलनीतला एक नवा पोरगा आहे, बोटं बरी आहेत. मला हे इतकं रीतसर वाटलं की मी पुढे काही विचारलंच नाही. बदली कधी कधी कायम होतो, हे कंपनीतल्या माणसाला माहीत असतं. मी कारखान्यातला. आमच्याकडे मूर्ती ज्याने बुक केली त्याचीच असते, मग तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी का येईना.

तेव्हापासून मनातल्या मनात त्याचं नाव बदलीवाला.

गिटार गेली याचं दुःख होतंच. पण खरा जीव अडकला होता तो एका धुनीत. ती धून माझी होती. कारखान्यात रंगाच्या स्प्रेसाठी कंप्रेसर असतो. टाकी भरताना तो धडधडत चढत जातो, भरली की एक मोठा उसासा टाकून थांबतो, आणि कोणी स्प्रे दाबला की परत चढायला लागतो. चार वर्षं तो उसासा ऐकून ऐकून माझ्या डोक्यात बेसची एक चाल बसली. चढती, मग थांबा, मग उसासा, मग परत चढती. ती मी पहिल्यांदा वाजवली रोह्याच्या बाजारात, रेडिओवाल्या काकांच्या दुकानात.

हे काका म्हणजे आमच्या बँडचा सहावा खांब. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून त्यांनी आम्हाला अँप्लिफायर बनवून दिला होता. काका बेने इस्रायली, कोकणातलेच ज्यू. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी बैल सुटे असायचे. काकांचं शनिवारी सोल्डरिंग बंद. भाऊबंद सगळे एकेक करत इस्रायलला गेलेले, दोन्ही मुलगेही तिकडे. काका मात्र बाजारात बसून लोकांचे बंद पडलेले आवाज चालू करत होते. माझी धून ऐकून ते एवढंच म्हणाले, "परत वाजव." मी परत वाजवली. दुकानात तेव्हा आम्ही दोघंच. चौघांना ती पुढे तालमीत मिळाली, पण ते त्यांच्या बदलीवाल्याचे; म्हणजे धून माझी, याचा माझ्या बाजूचा साक्षीदार जगात एकच.

गौरी-गणपती झाले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी रोह्याला हजर. कॉलनीचा वॉचमन म्हणाला, "बँड? बँड गेला मुंबईला, स्पर्धेला." आठ दिवसांनी परत गेलो तर स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालेलं, आणि ते माझ्या धुनीला. चौघांच्या अंगावर एकसारखे काळे शर्ट होते. बदलीवाल्याच्या अंगावर पाचवा. माझ्यासाठी सहावा शर्ट कुठे दिसेना.

"पुढच्या महिन्यात बघू या ना," ड्रमवाला माझ्याकडे न बघता म्हणाला.

इथे शहाण्या माणसाने गिटार तरी उचलून आणली असती. मी काय केलं? "ठेवा मग!" असं ओरडून दार आपटून निघालो. बॅडमिंटन हॉलचं दार सरकतं होतं, ते आपटलंही गेलं नाही.

मग सहा वर्षं मी त्या माणसाचा सूड घेत होतो. त्याला त्याचा पत्ता नव्हता, एवढीच काय ती अडचण. प्रत्येक हंगामात मूर्तीचा उजवा डोळा काढताना मी त्याची तार तुटो म्हणायचो आणि डावा काढताना त्याला जुलाब होवोत. बँडला मी निनावी पोस्टकार्डं पाठवली, "बेसवाला बेसूर आहे. एक रसिक." तिसऱ्या कार्डाला उत्तर आलं. माझ्या नावावर, माझ्या पत्त्यावर, बदलीवाल्याच्या अक्षरात: "सूचनेबद्दल आभार. यंदा ऑर्डरी बऱ्या आहेत ना?" मी पाठवलेल्या कार्डांवर शिक्का पेणचा, अक्षर माझं आणि कोपऱ्यात सोनेरी रंगात माझ्या अंगठ्याचा ठसा. गुन्हेगार म्हणून माझी एवढीच लायकी.

दरम्यान ती धून गावोगाव पसरली. हळदीला बेंजो पार्टी आली की दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यात ती वाजायचीच. म्हाताऱ्या बायका तिच्यावर नाचायच्या. मी मांडवात उभा असलो की कोणीतरी हमखास सांगायचं, "रोह्याच्या पोराची धून हाय ती. मुंबईत लय नाव काढलं त्यानं." मी हसून हळद लावून घ्यायचो आणि घरी येऊन उशी बडवायचो.

नाव म्हणजे काय, तर बँड फुटल्यावर बदलीवाला मुंबईला गेला आणि दर रविवारी बस भाड्याने घेऊन रॉक संगीताची ठिकाणं दाखवायला लागला. कुठे पहिली इलेक्ट्रिक गिटार विकली गेली, कुठल्या थिएटरात सकाळी बँडच्या स्पर्धा व्हायच्या, कुठल्या गॅरेजमध्ये कोण तालीम करायचं. कॉलेजची पोरं जायची. शेवटचा थांबा बांद्र्याचे समुद्रातले खडक. तिथे तो सांगायचा म्हणे, की आमच्या बँडची प्रसिद्ध धून मला याच खडकांवर सुचली.

खडकांवर! सहा वर्षं मी जे शाप दिले ते अगदीच पातळ होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग देवाने संधी दिली. सत्त्याण्णवच्या वैशाखात मामाकडे बदलीवाल्याची ऑर्डर आली. बसच्या पुढच्या भागात ठेवायला अर्धपुतळा हवा. लांब केसांचा, गिटार छातीशी धरलेला रॉकवाला. सोबत फोटो, आणि फोटो स्वतःचाच. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, डोळे तुमच्या भाच्याच्या हातचेच हवेत.

मामा म्हणाला, "बघ, आठवण ठेवून हाय बिचारा."

"मी पण," मी म्हटलं.

साचेवाल्याने चेहरा हुबेहूब उतरवला. प्लॅस्टर वाळलं, कातडीचा रंग बसला, केस काळे झाले. डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या पांढऱ्या वाट्या. त्या माझ्या. बेत साधा होता. असे डोळे काढायचे, की बसमध्ये चढणाऱ्याने पहिल्या नजरेत खिसा चाचपावा. चोरटे, कडेला सरकलेले, पिवळट. आधी आरशासमोर बसून चोराची नजर करून पाहिली. एका फटक्यात जमली. त्याचं मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

भर दुपारी, कारखाना जेवायला गेलेला असताना मी ब्रश उचलला. श्वास रोखला, पापणीची रेघ ओढली, बुबुळ भरलं, कोपऱ्यात बारीक लाल, शेवटी उजेडाचा पांढरा ठिपका. मनात पूर्ण वेळ एकच शब्द होता: चोर, चोर, चोर. ब्रश खाली ठेवला तेव्हा मान भरून आली होती. समाधान असं, की लग्नातही झालं नव्हतं.

मामा हात धुऊन आला. पुतळ्यासमोर उभा राहिला. मग खांद्यावरचा पंचा काढून त्याने पुतळ्याचं तोंड हळूच झाकलं आणि आत निघून गेला. मला वाटलं, बघवलं नाही बिचाऱ्याला.

पंधरा दिवसांनी रोह्याला गेलो तर काका म्हणाले, "कंपनीच्या क्लबची सहल हाय रविवारी. त्या पोराच्या बसमधनं मुंबई. मी बी जातोय, अँप्लिफायर सांभाळायला."

"तुम्ही? त्याच्याबरोबर?"

"शेवटचंच रे. पुढच्या म्हयन्यात मी चाललो. पोरांनी तिकीट धाडलंय. दुकान बंद."

मी समोरच्या स्टुलावर बसलोच. काका निघाले म्हणजे माझा साक्षीदार निघाला. एकदा ते विमानात बसले की ती धून कायमची खडकांची होणार. जे काही करायचं ते याच रविवारी. आधी पुतळ्याने त्याची अब्रू घालवायची, मग भर बसमध्ये, काकांच्या तोंडून, त्याच्याच माइकवर वदवून घ्यायचं की धून माझी. मी क्लबच्या सेक्रेटरीला गाठून पेणहून एक सीट मिळवली.

रविवारी सकाळी पेणच्या नाक्यावर बस थांबली. मी ओठांवर हसू दाबत पायरी चढलो आणि ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटकडे पाहिलं.

पुतळ्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. समोर दोन उदबत्त्या. आणि त्या लांब केसांच्या, गिटारवाल्या, मला पुरेपूर लुबाडणाऱ्या तोंडावरून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. पापणी अर्धी झुकलेली. बुबुळं किंचित खाली, भक्ताकडे. पांढरा ठिपका बरोबर जागच्या जागी. शांत, कृपाळू, सगळं पोटात घालणारे. दरवर्षी ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत मी जे डोळे काढतो, तेच. मी मनात चोर म्हणत होतो, हाताने ते ऐकलंच नव्हतं. हाताला एकच नजर येते.

"चढा की दादा," ड्रायव्हर म्हणाला. तो वडखळचा होता. "पाया पडायचं असंल तर पडा, पण दार सोडून."

"हा... हा हार कोणी घातला?"

"मीच. डोळं बघा ना त्याचं. रोह्याला गाडी लावली आणि नजर गेली, आपोआप हात जोडलं माझं. म्हणलं कोन का असंना, मानूस देवमानूस हाय."

बस सुटली. आपल्याकडे बस सुटताना जे ओरडतात ते कोणीतरी मागून ओरडलं, "गणपती बाप्पा!" आणि सगळ्या बसने, समोरच्या पुतळ्याकडे बघत, "मोरया!" म्हटलं. सगळ्यांत खणखणीत आवाज माझा होता. सवय.

बदलीवाला माइक घेऊन उभा होता. सहा वर्षांत जाड झाला होता, केस मात्र तसेच. माझी गिटार त्याच्या सीटवर टेकवलेली, माझ्या काळी नव्हता असा सुंदर पट्टा लावलेली. मी टोपी डोळ्यांवर ओढली. त्याने मला ओळखायला दोन सेकंदही घेतले नाहीत.

"मंडळी, आज आपल्या बसमध्ये एक मोठा कलाकार आहे! या मूर्तीचे डोळे ज्यांनी काढले ते. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. पुढच्या सीटवरच्या एका मावशींनी वळून माझा उजवा हातच धरला. "तुम्ही होय? काय डोळे काढलेत हो. मन निवलं अगदी." त्यांनी माझा हात स्वतःच्या डोळ्यांना लावला. या मावशी क्लबच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, आणि त्या दिवसभरात माझ्या सूडावर त्यांच्याएवढं पाणी कोणी ओतलं नाही.

पहिला थांबा धोबी तलावची वाद्यांची दुकानं. बदलीवाला सांगू लागला, "याच दुकानातून आमच्या बँडच्या बेसच्या पहिल्या तारा आल्या..."

"मी आणल्या होत्या," मी मागून मोठ्याने म्हटलं.

"हो, यांनीच आणल्या होत्या," तो आनंदाने म्हणाला. "आणि चारही सारख्याच जाडीच्या आणल्या होत्या!"

बस हसली. हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या थांब्याला, सकाळच्या स्पर्धांच्या थिएटरसमोर, मी बँडच्या स्थापनेचं साल चुकतंय म्हणून हात वर केला. मावशी म्हणाल्या, "अहो, साल असू दे. राणीची बाग कधी येणार ते विचारा." तिसऱ्या थांब्याला, गॅरेजसमोर, मी नुसता घसा खाकरला तर चार जणांनी "शूः" केलं. माझी बाजू घेणारं बसमध्ये कोणी नव्हतं. मागच्या लांब सीटवर काका अँप्लिफायर मांडीवर घेऊन बसले होते आणि खिडकीतून मुंबई अशी बघत होते, की जणू तिला शेवटचं दुरुस्त करून द्यायची आहे. मी दोनदा त्यांच्याकडे बघून डोळ्याने खूण केली. त्यांनी मला चिक्की दिली.

मग बांद्रा. जेवणं झालेली, ऊन उतरायला लागलेलं, बस समुद्राकडे तोंड करून उभी. कोणी उतरायला तयार नव्हतं, म्हणून बदलीवाल्याने बसमध्येच सांगायला घेतलं.

"मी या खडकांवर एकटाच बसलो होतो. लाट चढत यायची. चढायची, चढायची... मग थांबायची. मग एक मोठा उसासा. आणि परत चढायला लागायची..."

हे वर्णन लाटेचं नव्हतं. हा शब्दन् शब्द आमचा कंप्रेसर होता. त्याने धून चोरली होती ते एक वेळ ठीक, पण माझा उसासासुद्धा?

मी उठलो, पुढे गेलो आणि त्याच्या हातातून माइक हिसकावला. "ही धून समुद्राची नाही! हमरापूरच्या कारखान्यातल्या कंप्रेसरची आहे! आणि ती माझी आहे! या माणसाने माझी जागा घेतली, गिटार घेतली आणि वर धून पण घेतली!"

मग ड्रायव्हर खुर्चीतून वळला.

"दादा, याच्या डोळ्यांकडं बघून बोला." त्याने पुतळ्याकडे बोट केलं. "हे डोळं खोटं बोलतील?"

"ते डोळे मीच काढलेत!"

"त्येच म्हनतोय मी. खोट्या मानसाचं असं डोळं काढलं असतंत काय तुम्ही?"

मावशी दुसऱ्या बाईला म्हणाल्या, "ऊन लागलंय त्यांना. लिंबू आहे का कोणाकडे?"

"काका!" मी माइकमध्ये ओरडलो. "काका, तुम्ही सांगा. पहिल्यांदा कोणी वाजवली होती? तुमच्या दुकानात? तुम्ही होतात. देवाशपथ सांगा!"

सगळ्या माना मागे वळल्या. काकांनी तोंडातली चिक्की सावकाश संपवली.

"व्हय," ते म्हणाले. "धून याची. माझ्या दुकानात वाजवली यानं पयल्यांदा. कंप्रेसरचीच हाय. मला तवाच बोलला होता."

सहा वर्षं ज्या क्षणाची मी वाट बघितली तो असा, चार-पाच वाक्यांत आला. मी बदलीवाल्याकडे वळलो. त्याचा चेहरा पडला होता. मला तो पडलेला चेहरा डबीत भरून घरी न्यावासा वाटला. रोज सकाळी उघडून बघितला असता.

"बोल आता," मी त्याच्या तोंडासमोर माइक धरला. "सगळ्यांना सांग."

तो कानामागे खाजवत म्हणाला, "धून यांचीच आहे, मंडळी. मी समुद्र म्हणतो कारण..." मग माझ्याकडे बघत, खाली आवाजात, "अरे, कंप्रेसर बघायला कोण बस भाड्याने घेतं? सुरुवातीला दोनदा खरं सांगितलं होतं. पोरं हसली."

"मग हसू दे की!"

"माझी चूक झाली," तो म्हणाला. आणि खरंच, माइकवर परत म्हणाला, "माझी चूक झाली. इथून पुढे तुमचं नाव घेईन."

एवढ्यावर मी खाली बसलो असतो तर हा लेख विजयाचा झाला असता. पण मावशी उत्साहात आल्या होत्या. "अगो बाई! म्हणजे हळदीला वाजते ती तुमची? मग वाजवा की एकदा! ज्याची त्याच्याच हातची ऐकू दे."

"वाजवा, वाजवा!" सगळी बस.

मी मानेने नाही म्हणत होतो आणि हात पुढे करत होतो. बदलीवाल्याने गिटार आणून माझ्या खांद्यावर घातली, पट्टा माझ्या मापाचा करून दिला. काकांनी पुढे येऊन वायर जोडली, दोन बटणं फिरवली आणि बाजूला उभे राहिले. सहा वर्षांनी माझी बोटं त्या तारांवर टेकली. डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली.

मी ती वाजवली जशी मला सुचली होती अगदी तशी. कंप्रेसर जसा चढतो तशी, घाई न करता. टाकी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग थांबा, पूर्ण थांबा, कारण कोणी स्प्रे दाबेपर्यंत तो सुरू होत नाही. मग उसासा. मग परत. या लोकांनी आजवर बेंजोवर ऐकलेली घाईगर्दीची नक्कल पुसून टाकायची म्हणून दोनदा सबंध वाजवली. तिसऱ्यांदा सुरू करताना डोळे उघडले.

मावशी संत्रं सोलत होत्या. ड्रायव्हर उतरून मागच्या चाकाला लाथ मारून बघत होता. दोन माणसं खिडकीतून समुद्राकडे इतकं मन लावून बघत होती, की त्यांना आता धून तिथूनच आलेली हवी होती. बदलीवाला मात्र माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हसला असता तर बरं झालं असतं, तो बिचारा पायाने मला ठेका धरून देत होता. सबंध बसमध्ये माझ्याकडे कृपेने बघणारे दोनच डोळे होते आणि ते मी रंगवलेले होते.

मी थांबलो. थांबल्यावरही बराच वेळ कोणाला कळलं नाही, कारण धुनीतच एवढे थांबे. शेवटी मावशींनी संत्र्याची फोड हातात धरून विचारलं, "काका, हीच का हो ती? हळदीतली?"

काकांनी अँप्लिफायरचं बटण बंद केलं, माझ्या गिटारीतून वायर उपसली आणि ती कोपरावर गुंडाळत म्हणाले, "हीच. तवाबी हा अशीच वाजवायचा. म्हणून तर मीच त्या पोरांना बोललो, गणपती झालं तरी याला परत घेऊ नका."